घराण्याबाहेरचा मास्तर

नाच शिकणाऱ्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'कोणाकडे शिकता?' कसं नाचता, हे पुढचं. गुरूचं नाव सांगितलं की विचारणाऱ्याच्या मनात लगेच वंशावळ मांडली जाते. कथकचं लखनौ घराणं की जयपूर, अमक्या महाराजांच्या कोणत्या शिष्येकडची, म्हणजे हिचे हस्तक असे असणार आणि चक्कर तसे. रोहिणीताई भाट्यांनी पुण्यात कथक रुजवलं तेव्हा त्यांच्यामागे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर ही दोन नावं होती. ती होती म्हणून पुढे त्यांनी स्वतःचं काही वेगळं मांडलं तेही लोकांनी ऐकून घेतलं. वंशावळीला मी नावं ठेवत नाही. माझे स्वतःचे पाय तिच्यातच तयार झाले आहेत.

समकालीन नर्तक अस्ताद देबूंना हा प्रश्न कुणी विचारला असेल तर उत्तराला दोन कप चहा तरी लागला असेल. कलकत्त्याचे कथक गुरू, लंडनची शाळा, न्यूयॉर्कचे वर्ग, जर्मनीतली एक कंपनी, आणि सगळ्यात शेवटी केरळातल्या तिरुवल्ल्याचे कथकली आशान, म्हणजे गुरू. एवढं ऐकूनही विचारणाऱ्याच्या हाती फार काही लागलं नसतं, कारण त्यांचा नाच बघताना यातल्या कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही.

देबू गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्या नाचाबद्दल जाणकारांनी भरपूर लिहिलं आहे. मला त्यांचं शिकवणं जास्त छळतं. ज्याला घराणं नाही, स्वतःची इमारत नाही, छापील अभ्यासक्रम नाही, असा माणूस शिकवतो म्हणजे नेमकं करतो काय? मी स्वतः सोसायटीच्या हॉलमध्ये मुलींना कथक शिकवते, म्हणून हा प्रश्न मला नुसता वाचण्यापुरता नाही.

देबूंचा जन्म १९४७चा, नवसारीचा, पारशी घरातला. सहा वर्षांचे असताना कथकला सुरुवात झाली, पुढे कलकत्त्यात प्रल्हाद दासांकडे शिक्षण झालं. वडील टाटा स्टीलमध्ये, म्हणून मग जमशेदपूर. शाळा संपल्यावर मुंबई, माटुंग्याचं पोदार कॉलेज, कॉमर्स. पोदारमधला मुलगा बँकेत जातो नाहीतर सीए होतो, अशी मुंबईकरांची पक्की समजूत. या मुलानं मात्र मुंबईत मरे लुईस नावाच्या अमेरिकन नर्तकाच्या कंपनीचा प्रयोग पाहिला आणि हिशेब चुकला.

कथकवर वाढलेल्या मुलाला त्या प्रयोगानं काय धक्का दिला असेल, याचा मला अंदाज करता येतो. आपल्या रंगमंचावर शरीर नेहमी कुणाचं तरी असतं. राधेचं, कृष्णाचं, दाराशी वाट बघणाऱ्या नायिकेचं. कथा नसलेलं निव्वळ नृत्त असलं तरी त्याला बोल असतात, बोलांना ताल असतो, तालाला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा असते, आणि समेवर प्रेक्षकांची मान हलते. सगळं कुठेतरी पोचायला निघालेलं असतं. मरे लुईससारख्यांच्या नाचात हात वर गेला की तो हात वर गेलेला असतो, इतकंच. तो कुणाला बोलावत नाही, काही दाखवत नाही. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला एकतर कंटाळा येतो नाहीतर घर सोडावंसं वाटतं.

देबूंनी घर सोडलं. १९६९ मध्ये मुंबईहून एका मालवाहू जहाजावर चढले. उत्तरा आशा कुर्लावाला या न्यूयॉर्कमध्ये आधुनिक नृत्य शिकणाऱ्या नर्तकीनं त्यांना अमेरिकन आधुनिक नृत्यातल्या मार्था ग्रॅहमच्या शाळेची वाट दाखवली होती. पण न्यूयॉर्कला पोचायला त्यांना १९७४ साल उजाडलं. मधली वर्षं युरोपात लिफ्ट मागत फिरण्यात, जिथे जे दिसेल ते बघण्यात आणि जिथे शिरकाव मिळेल तिथे शिकण्यात गेली. आजच्या पालकांना हे सांगून बघा. 'गॅप इयर' एकच असतं हो, असं उत्तर मिळेल.

या प्रवासातली लंडनची शाळा मला फार आवडते, आणि त्याचं कारण नाचाशी अर्धंच निगडित आहे. लंडन स्कूल ऑफ कंटेम्पररी डान्स उभी केली रॉबिन हॉवर्ड या गृहस्थानं. हा माणूस नर्तक नव्हता, हॉटेल-व्यवसायातला होता, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याचे दोन्ही पाय गेले होते. १९५४ मध्ये मार्था ग्रॅहमची कंपनी लंडनला आली, तेव्हा त्यानं तो नाच बघितला आणि पुढचं आयुष्य, पैशांसकट, त्या नाचाला ब्रिटनमध्ये आणण्यात घातलं. ज्याला पाय नाहीत त्यानं बांधलेल्या नृत्यशाळेत देबू ग्रॅहमचं तंत्र शिकले.

ग्रॅहमचं तंत्र कथकवाल्याच्या अंगाला कसं लागतं, ते सांगायला हवं. मी एका कार्यशाळेत त्याची चव घेतली आहे. कथकमध्ये आपण उभ्यानं सुरुवात करतो. पाठ ताठ, वजन तळव्यांवर, आणि पायाखालची जमीन म्हणजे वाजवायचं वाद्य. ग्रॅहमचा वर्ग जमिनीवर बसून सुरू होतो. श्वास सोडताना पोट आत खेचलं जातं, पाठीचा कणा मागे वळतो, मग श्वासाबरोबर तो पुन्हा उभा राहतो. नाच तिथून, बेंबीच्या मागच्या कुठल्याशा अंधाऱ्या जागेतून निघतो, आणि हातापायांपर्यंत शेवटी येतो. माझ्या पाठीला वर्षानुवर्षं 'वाकायचं नाही' एवढंच माहीत. ती त्या दिवशी इतकी गोंधळली की दुसऱ्या दिवशी रिक्षात बसायलाही तिची ना होती. आणि मी ऐटीत तत्कार, म्हणजे पायांचे बोल, करणारी बाई, मला जमिनीवर पाय जुळवून सरळ बसता येत नव्हतं.

पुढे न्यूयॉर्कमध्ये होजे लिमोन यांचं तंत्र. तिथे आणखी निराळं. शरीराचं वजन सोडून द्यायचं, पडू द्यायचं, आणि पडण्यातूनच उसळी घ्यायची. नंतर जर्मनीत वुपरटालला नृत्यरचनाकार पिना बाउश यांच्या कंपनीत काही काळ. आणि पायलोबोलसच्या ॲलिसन बेकर चेस. या बाईंची गोष्टही अशीच. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमध्ये त्या नाचाचा वर्ग घ्यायच्या. वर्गात आलेल्या मुलांपैकी कित्येकांनी त्याआधी कधी नाच केलेला नव्हता. त्यांना येत नसलेली पावलं शिकवत बसण्यापेक्षा त्यांना जे करता येतं त्यातून रचना करायला लावली, आणि १९७१ मध्ये त्याच मुलांनी पायलोबोलस काढली. एकमेकांच्या अंगाखांद्यावर चढून विचित्र आकार करणारी ही कंपनी पुढे जगभर गाजली.

गुरूंच्या या यादीकडे मी तंत्रांची जंत्री म्हणून बघत होते तोवर मला काही उलगडत नव्हतं. माणसांकडे बघितल्यावर उलगडलं. बिनपायांचा संस्थापक, न नाचणाऱ्या मुलांची शिक्षिका. नाच कुणाचा असतो, या प्रश्नाचं आपल्याकडे जे ठरलेलं उत्तर आहे ते या लोकांनी मानलंच नव्हतं. देबूंनी त्यांच्याकडून आणखी काय काय उचललं असेल ते असो, हे नक्की उचललं असणार, असं मला वाटतं.

१९७७ मध्ये ते परत आले. योगायोग म्हणा, त्याच वर्षी सप्टेंबरात उदय शंकर गेले. भारतात 'नवं नृत्य' म्हटलं की तोवर एकच नाव घेतलं जायचं, ते त्यांचं. अलमोड्याचं त्यांचं केंद्र केव्हाच बंद पडलं होतं, पण तिथून निघालेली माणसं सिनेमात आणि बॅलेत पसरली होती. आपला गुरुदत्तसुद्धा तिथलाच विद्यार्थी.

परत आलेल्या देबूंनी काय केलं? लंडन-न्यूयॉर्कहून शिकून आलेला माणूस एखादी अकादमी काढतो, पाटी लावतो. तिशीचे देबू तिरुवल्ल्याला जाऊन ई. के. पणिक्करांकडे कथकली शिकायला बसले.

कथकली पोरवयात सुरू करायची असते, कारण तेव्हा हाडं वळतात. पावलांच्या बाहेरच्या कडांवर वजन घेऊन, गुडघे बाहेर काढून उभं राहायचं. पावसाळ्यात अंगाला तेल लावून मालीश, तीही गुरूनं वरून दोरीला धरून पायांनी केलेली. डोळ्यांचे व्यायाम वेगळे. बुबुळं वर, खाली, आडवी, तिरकी, गोल, आधी सावकाश आणि मग भराभर, पापणी न लवता. ग्रॅहमनं ज्या शरीराला आतून बाहेर यायला शिकवलं होतं, त्याला आता भुवईच्या एका टोकावर सगळं गोळा करायला सांगितलं जात होतं. देबूंनी ते केलं, आणि पुढे गुरुवायूरच्या मंदिरात सादरही केलं. परदेशातून शिकून आल्यावर पुन्हा पहिलीत बसायला जी तयारी लागते, ती मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. परदेशवारी करणारे खूप असतात.

मृत्युलेखांमधून मात्र वेगळ्याच गोष्टी पुढे येतात. लंडनमध्ये पिंक फ्लॉइड या रॉक बँडबरोबर काम, चीनच्या भिंतीवर नाच, १९८६ मध्ये फॅशन डिझायनर पिएर कार्दांच्या सांगण्यावरून बोल्शोईच्या बॅले-नर्तकी माया प्लिसेत्स्कायासाठी नृत्यरचना. सगळं खरं आहे आणि छान आहे. पुढे जाऊ.

देबू परतले त्या काळात, आणि त्याच्या आगेमागे, नृत्यात आतून बंड करणारी माणसं इथे होतीच. कुमुदिनी लाखिया (माहेरच्या जयकर, मुंबईच्या) अहमदाबादेत कथकची ओढणी आणि कथा दोन्ही बाजूला ठेवून समूहासाठी रचना करत होत्या. वाड्याला, आपल्या आताच्या पालघर जिल्ह्यात जन्मलेल्या चंद्रलेखा मद्रासला भरतनाट्यम आणि केरळची युद्धकला कलरीपयट्टू यांना समोरासमोर उभं करत होत्या. १९८४ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) 'ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर' झाला, त्यानंतर या सगळ्या विचाराला जरा मोकळं मैदान मिळालं. पण लाखिया म्हणा, चंद्रलेखा म्हणा, त्यांच्याकडे भांडायला घर होतं. आई-बापांशी भांडणाऱ्याला निदान आई-बाप असतात. देबूंचं भांडण कुणाशीच नव्हतं, आणि म्हणून त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं ते महोत्सववाल्यांना कळत नसे. शास्त्रीय नाही, लोकनृत्य नाही, बॅले नाही. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २००७ मध्ये पद्मश्री. तोवर पन्नाशी उलटून गेलेली.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते एनसीपीएत. पायघोळ अंगरखा, प्रचंड घेर, आणि एक गिरकी. कथकमध्ये चक्कर मोजून घेतात. पाच, नऊ, एकवीस, आणि शेवटचा बरोबर समेवर. ही गिरकी मोजलेली नव्हती. इतकी संथ की घेर फुलायला मिनिट लागलं असेल. खांदे हळूहळू मागे झुकत गेले, कणा कमानीसारखा वळला, आणि फिरणं चालूच. माझ्या शेजारी एक काका होते. त्यांनी बराच वेळ सहन केलं आणि मग बायकोला विचारलं, "अगं, हे सुरू झालं का?" काकू म्हणाल्या, "केव्हाच." मला त्या क्षणी दोघांचंही पटलं होतं.

संथ नाचणं किती कठीण असतं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. द्रुत लयीत वेग तुम्हाला सांभाळून नेतो. एक चक्कर दुसऱ्याला ढकलतो, तोल जायला वेळच नसतो. संथ लयीत प्रत्येक स्नायूला आपापलं काम उघड्यावर करावं लागतं. मांडी थरथरली तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसते. त्यांच्या संथपणात कथकची गिरकी होती, कथकलीची पकड होती, लिमोनचं वजन होतं. पण हे मी आता लिहिताना सुटं करते आहे. बघताना काहीच सुटं होत नव्हतं.

आता शिकवण्याकडे येते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस देबूंनी कलकत्त्याच्या ॲक्शन प्लेअर्सबरोबर काम सुरू केलं. हा कर्णबधिर कलाकारांचा नाट्यगट. पुढे चेन्नईच्या क्लार्क स्कूल फॉर द डेफमधल्या मुलींबरोबर त्यांनी काही वर्षं सातत्यानं रचना केल्या. २००५च्या जानेवारीत मेलबर्नला कर्णबधिरांच्या ऑलिंपिकच्या वेळी क्लार्क स्कूलच्या बारा मुलींना घेऊन त्यांनी प्रयोग केला.

माझ्या बाई म्हणायच्या, तोंडात बसलं नाही ते पायात बसत नाही. आमचं सगळं शिक्षण कानातून झालं. आधी पढंत. 'ता थेई तत थेई' तोंडानं म्हणायचं, हातावर ताल धरायचा, बोल जिभेवर गुळगुळीत झाले की मग घुंगरू बांधायचे. लेहरा, म्हणजे तालाबरोबर पुन्हा पुन्हा वाजणारी धून, चालू असला की तो तुम्हाला सतत सांगत असतो, तुम्ही सोळातल्या कितव्या मात्रेवर आहात ते. हे सगळं काढून घेतलं तर उरतं काय?

पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं ते कंपनाचं. मोठा ढोल वाजवा, लाकडी फळ्यांतून पायाला कळेल. ते खोटं नाही, पण पुरत नाही. कंपनातून ठोका कळतो. दोन ठोक्यांमधला श्वास, सुराची उतरण, वाद्यानं घेतलेली जराशी ओढ कळत नाही. शिवाय रंगमंच दर ठिकाणी लाकडी मिळत नाही, सिमेंटवर नाचायची वेळ येते. मग उरतात मोजणी आणि नजर.

मोजणीतली मेख अशी की मनातल्या मनात एक ते आठ मोजायला सांगितलं तर दहा जणींचे आठ दहा वेगवेगळ्या वेळी संपतात. घाबरलेलीचे लवकर, निवांत असलेलीचे उशिरा. सगळ्यांच्या आत एकच घड्याळ बसेपर्यंत तालमी कराव्या लागतात, आणि प्रयोगाच्या दिवशी छातीतली धडधड वाढली तरी ते घड्याळ पुढे पळता कामा नये. नजरेचंही तसंच. प्रेक्षकांकडे तोंड करून सरळ रांगेत उभ्या असलेल्या मुलींना एकमेकी दिसतच नाहीत. तेव्हा रांग तिरकी करावी लागते, म्हणजे प्रत्येकीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात निदान एक खांदा तरी असतो. समूहानं तोंड फिरवलं की मागची पुढे येते, म्हणजे आता तिच्याकडे बघून बाकीच्या हलणार. जिच्याकडे बघायचं ती दर वळणाला बदलते. ही भूमिती सजावटीची नसते. तिच्यावाचून नाच उभाच राहत नाही.

आणि इथे देबूंचा संथपणा कामाला आला असला पाहिजे. द्रुत लयीत डोळ्यांनी पकडून बरोबर राहणं अशक्यच. संथ लयीत शेजारणीचा खांदा हलायला लागला हे दिसायला वेळ असतो. ऐकू येणाऱ्या नर्तकांची रचना घेऊन ती या मुलींना झेपेल इतकी 'सोपी' करणं, असा हा मामला नव्हता. जे तंत्र ते स्वतःच्या अंगावर वर्षानुवर्षं घोटत होते, तेच या मुलींच्या अंगाला नैसर्गिकपणे लागू पडत होतं. कदाचित उलटही झालं असेल. या मुलींबरोबर काम करून त्यांचा स्वतःचा नाच आणखी संथ झाला असेल. शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, पाणी दोन्हीकडून वाहतं.

दिल्लीच्या सलाम बालक ट्रस्टमधल्या मुलांबरोबर २००९ मध्ये 'ब्रेकिंग बाउंडरीज' केलं, चौदा मुलं. रस्त्यावर वाढलेली. त्यांचं शरीर आधीच तयार असतं. चपळ, सावध, पळण्यात तरबेज. त्यांना उडी शिकवावी लागत नाही. एका जागी उभं राहायला शिकवावं लागतं, आणि ते कोणत्याही गिरकीपेक्षा कठीण. रस्त्यावर उभा राहिलेला मुलगा पकडला जातो, हे ज्याच्या हाडात आहे, त्याला प्रकाशाच्या झोतात स्थिर उभं करायचं म्हणजे आधी त्याचा विश्वास कमवायचा. तिथे गुरू म्हणून दरारा उपयोगाचा नाही. सकाळी ठरल्या वेळेला आपण तिथे असणं, उद्या परत येणं, हेच बरंचसं शिकवणं असतं.

मणिपूरचं काम तर मला त्यांच्या सगळ्या कामात अव्वल वाटतं, आणि सगळ्यात वादाचंही. पुंग चोलोम म्हणजे गळ्यात पुंग नावाचा ढोल अडकवून वाजवत वाजवत केलेलं नृत्य. हवेत उडी, हवेतच गिरकी, आणि हातांची थाप एकदाही चुकत नाही. ही वादक मंडळी नट संकीर्तनाच्या, म्हणजे मणिपूरच्या वैष्णव कीर्तनाच्या परंपरेतली. २०१३ मध्ये युनेस्कोनं त्या संकीर्तनाला वारसा म्हणून मान्यता दिली, पण त्याची त्यांना गरज होती असं नाही. अशा माणसांना मुंबईचा पारशी नर्तक काय शिकवणार? 'ऱ्हिदम डिव्हाइन' या रचनेत देबूंनी त्यांच्या उड्यांना हात लावला नाही. त्या उड्यांच्या आधीची आणि नंतरची वेळ त्यांनी मागून घेतली. चालणं, थांबणं, वळणं, ढोल असूनही न वाजवणं. मग थाप पडते तेव्हा आपण ती सणासुदीला ऐकतो तशी ऐकत नाही.

वाद असा की, संकीर्तन हे मुळात देवासाठी. ते तिकीट लावलेल्या प्रेक्षागृहात आणताना आणणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात आणि आलेल्यांची नावं लहान, हे कसं? आक्षेप मला बिनबुडाचा वाटत नाही. देबू या समूहांमध्ये स्वतःही नाचायचे, बऱ्याचदा मधोमध, आणि तो प्रचंड अंगरखा मधोमध असला की डोळा दुसरीकडे जात नाही. एक-दोनदा मला वाटून गेलं होतं, जरा बाजूला व्हा की मास्तर, त्या पोरांकडे बघू दे. पण हेही खरं की त्यांनी त्या वादकांकडे एकदाच येऊन, छायाचित्रं काढून निघून जाण्याचा उद्योग केला नाही. वर्षानुवर्षं इंफाळला जात राहिले, एकामागून एक रचना त्यांच्याबरोबरच केल्या. आपले कित्येक फ्यूजनवाले एका साउंडचेकपुरते एकत्र येतात.

पैशाचं काय, हा प्रश्न असल्या लेखांत कुणी विचारत नाही, म्हणून विचारते. या कामाला फी देणारा पालक नसतो. कर्णबधिर मुलीची आई महिन्याच्या महिन्याला पाकीट आणून देत नाही. शास्त्रीय नृत्याला निदान शिष्यवृत्त्या, महोत्सव, परीक्षा आहेत. समकालीन नृत्यवाल्यानं दर प्रयोगाला नवा प्रायोजक शोधायचा. २००२ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाचं प्रतिष्ठान काढलं, ते अशा वंचित मुलांच्या शिक्षणासाठीच. पण कॅम्पस, वसतिगृह, पाठ्यक्रम असं काही झालं नाही. बंगळूरला जयचंद्रन पळाळी यांनी १९९२ मध्ये अट्टकळरी उभी केली, तेही लंडनच्या त्याच शाळेत शिकून आलेले. त्यांनी संस्थेची वाट धरली, तिथून नर्तकांच्या तुकड्या बाहेर पडल्या. देबूंची वाट तशी नव्हती, आणि त्याची किंमत आज दिसते. त्यांची एखादी रचना जशीच्या तशी उभी करायची तर ती ज्यांच्या अंगात आहे ती माणसं चेन्नईत, कलकत्त्यात, दिल्लीत, इंफाळमध्ये विखुरलेली आहेत. त्यातली बरीचशी आता नाचतही नसतील. नोकरी करत असतील, संसारात असतील.

१० डिसेंबर २०२०ला देबू मुंबईत गेले, त्र्याहत्तराव्या वर्षी. महामारीचे दिवस. प्रेक्षागृहं बंद. लोकांनी आपापल्या घरातून फोनच्या पडद्यावर त्यांच्या गिरक्यांचे तुकडे टाकले. माझ्या कथकच्या मैत्रिणींपैकी एकीनं लिहिलं, 'परंपरा खंडित झाली.' मी तिला फोन करून चांगला अर्धा तास वाद घातला. परंपरा कुठली? तिच्या मते शिष्य नाहीत म्हणजे काही उरलं नाही. माझं म्हणणं, आपण शिष्य मोजतो ते परिचयपत्रात गुरूचं नाव पहिल्या ओळीत लिहिणाऱ्यांना. क्लार्क स्कूलमधल्या मुलीचं परिचयपत्र कुणी छापलेलंच नाही, मग ती यादीत येणार कशी? मैत्रीण म्हणाली, "म्हणजे उरलं की नाही, ते तुलाही दाखवता येत नाही." तेही बरोबर होतं. वाद तसाच राहिला.

मी मात्र माझ्या हॉलमध्ये एक प्रकार सुरू केला आहे. देबूंकडे मी कधी शिकलेले नाही, तेव्हा याला त्यांची पद्धत म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्याबद्दल वाचून, बघून, शिक्षिका म्हणून चोरलेली गोष्ट आहे. लेहरा बंद करते. पढंत बंद. मुलींना तिरक्या रांगेत उभं करते आणि आठ आवर्तनं मनात मोजून एकदम बसायला सांगते. सुरुवातीला प्रचंड हशा. कुणी पाचव्यातच बसली, कुणी सगळ्या बसल्यावरही उभीच. "ताई, सम कुठे गेली?" अशी तक्रार. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की शेजारणीचा खांदा बघितला तर कळतं. मग ही लबाडी आहे का, यावर त्यांची आपसात चर्चा झाली. एका मुलीचं ठाम मत होतं की बघून बसणं म्हणजे कॉपी. दुसरी म्हणाली, तबला ऐकून सम घेतो ती पण मग कॉपीच ना? मी मध्ये पडले नाही.

गेल्या महिन्यात एका मुलीची आई वर्ग संपल्यावर थांबली. चांगल्या आहेत, नियमित येतात, फी वेळेवर देतात. "ताई, ते गप्प बसून मोजायचं असतं ना, ते गांधर्वच्या परीक्षेला येतं का हो?" म्हटलं, "नाही येत." त्या जरा घुटमळल्या. "मग परीक्षेपर्यंत बंद ठेवलं तर चालेल? 'प्रवेशिका पूर्ण'ची परीक्षा आहे हिची, तोडे राहिलेत." तोडे खरंच राहिले होते. शेवटी असं ठरलं की परीक्षा होईपर्यंत शनिवारी तोडे, आणि ज्यांना हवं त्यांनी रविवारी सकाळी अर्धा तास लवकर यायचं. मोजायला.